कॉनेमारातला एक दिवस

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



काल याच जागी नाट्यगीतांचा कार्यक्रम झाला, उद्या पाककला स्पर्धा आहे. श्रीखंड आणि बासुंदी यांच्यामध्ये कारल्याची भाजी वाढावी तसं माझं भाषण मध्ये आलेलं आहे. सेक्रेटरींनी मला एकच अट घातली होती. परदेश प्रवासावर बोला, पण स्वित्झर्लंड नको, गेल्या तीन वर्षांत तीनदा झालं. म्हणून आयर्लंड. तेही सगळं नाही. आम्ही तिथे पंधरा दिवस होतो, ते सांगत बसलो तर आरती चुकेल. त्यातला एकच दिवस सांगतो. सकाळी आठला निघालो, रात्री साडेनऊला परत आलो, एवढाच.

जून २०२३ मधली गोष्ट. जुन्या मंडळींना आपले पंत आठवत असतील. इथे युटिलिटीजमध्ये होते, मंडळाच्या दोन नाटकांत कामंही केली. आता ते आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे नावाच्या शहरात असतात, वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात. त्या भागात हा उद्योग मोठा आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायचे स्टेंट तिथे बनतात. आम्ही उभयता त्यांच्याकडे उतरलो होतो. गाडीत पंत, त्यांची पत्नी (तिला अर्थातच आम्ही पंतीण म्हणतो), त्यांची दहा वर्षांची चिऊ, आम्ही दोघं, आणि सहावे त्यांचे शेजारी. हे शेजारी पंच्याहत्तर वर्षांचे निवृत्त शाळामास्तर. कॉनेमाराच्या किनाऱ्यावरच्या एका खेड्यात जन्मलेले, इंग्रजी शाळेत गेल्यावर शिकलेले. त्यांना आम्ही पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणू लागलो आणि त्यांनाही तो शब्द आवडला.

सौ.नं आदल्या रात्री थेपले केले होते. पंचवीस वर्षं जामनगरात काढल्यावर मराठी बाईच्या प्रवासाच्या डब्यात दशम्या कमी आणि थेपले जास्त असतात, हे मी तुम्हांला सांगायला नको.

गॉलवेहून वायव्येला निघालं की अर्ध्या तासात देखावा बदलतो. शेतं संपतात, दगड सुरू होतात. कोकणातल्या गडग्यांसारखे, चुना-सिमेंट काही न वापरता नुसते दगडावर दगड रचलेले बांध, त्यांच्यामधून एका गाडीपुरता रस्ता, आणि रस्त्यावर मेंढ्या. मेंढ्यांच्या पाठीवर निळा, लाल रंग फासलेला असतो. चिऊला वाटायचं होळी झाली. ती त्या-त्या मालकाची खूण. पलीकडे मैलोन् मैल तपकिरी दलदल. त्या दलदलीत हजारो वर्षं दबलेलं शेवाळ-गवत विटांसारखं कापायचं, वाळवायचं आणि चुलीत घालायचं, अशी तिथली जुनी रीत. आपल्या गोवऱ्याच म्हणा, फक्त म्हैस मधे नाही. पाऊस पाच मिनिटं पडतो, पाच मिनिटं थांबतो. छत्री उघडावी तर ऊन पडतं.

माम क्रॉस नावाच्या चौकाच्या आसपास पाट्यांवरचं इंग्रजी नाहीसं झालं. हा गेलतख्त, म्हणजे आयरिश भाषिक प्रदेश. २००५ पासून इथल्या पाट्यांवर गावांची नावं फक्त आयरिशमध्ये लिहितात. रस्त्यावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘गो मॉल’. सौ. म्हणाली, “अहो, एवढ्या रानात मॉल कुठला?” चिऊ पाठीमागून ओरडली, “काकू, गो मॉल म्हणजे हळू चालवा!” शाळेत तिला आयरिश सक्तीचं आहे. मग तिनं पुढचे वीस किलोमीटर प्रत्येक पाटी वाचून दाखवली. मास्तर तिचे उच्चार सुधारत होते. मराठी मुलगी एका आयरिश म्हाताऱ्याला त्याच्याच भाषेतल्या पाट्या वाचून दाखवते आहे, हे बघून मला गंमत वाटली. मास्तरांना किती वाटत असेल ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मास्तरांनी दोन गोष्टी सांगितल्या त्या मी डायरीत लिहून ठेवल्या. एक, आयरिशमध्ये ‘हो’ आणि ‘नाही’ यांना सुटे शब्द नाहीत. जेवलास का, तर जेवलो. आलास का, तर आलो. मी म्हटलं, आमच्या आजीनं तरी कुठे कधी नुसतं हो म्हटलं? दुसरी गोष्ट, आयरिश माणूस ‘मी भुकेला आहे’ असं म्हणत नाही. ‘भूक माझ्यावर आहे’ असं म्हणतो. दुःखही माझ्यावर असतं, आनंदही माझ्यावर असतो. आपल्याकडे भूक मला लागते, त्यांच्याकडे ती माझ्यावर बसते. इंग्रजीतला मनुष्य मात्र स्वतःच भुकेला असतो. हे ऐकून पंत म्हणाले, “साहेब, मग आपण आणि हे एका बाजूला, इंग्रज दुसऱ्या बाजूला.” मास्तर हसले. भुकेचा हा शब्द दुपारी पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

आता जामनगरकरांनी कान टवकारावेत. पहिला मोठा मुक्काम होता बॅलिनाहिंच. नदीच्या वळणावर गर्द झाडीत एक जुना वाडा, आज त्याचं हॉटेल झालं आहे. आत गेलो, तर आपल्या क्रिकेट बंगल्यात शोभावं असं नाव समोर आलं. जामसाहेब रणजितसिंहजी! होय, आपलेच. १८९६ साली मँचेस्टरला इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत ६२ आणि नाबाद १५४ करणारे, १९०७ साली नवानगरच्या गादीवर बसलेले, ज्यांच्या नावानं रणजी करंडक आहे ते. त्यांनी १९२४ च्या सुमारास हा वाडा आणि भोवतीची नदी विकत घेतली, ती सामन माशांसाठी. १९३३ साली जामनगरला त्यांचं निधन झालं, तोपर्यंत उन्हाळा आला की ते इकडे येत. नदीकाठानं चालत गेलं की गळ टाकून उभं राहण्यासाठी त्यांनी बांधलेले दगडी कट्टे अजून दिसतात. परत निघताना आपल्या मोटारी ते गावातल्या लोकांना देऊन टाकत, असं तिथे सांगतात.

आमची तिथे कॉफी झाली. दर सांगत नाही, रुपयात हिशेब केला की गळ्याखाली उतरत नाही. पण मी त्या कट्ट्यावर बराच वेळ उभा राहिलो. काठेवाडातला एक माणूस, एका डोळ्यानं अधू (१९१५ साली शिकारीत छर्रा लागून उजवा डोळा गेला होता), इंग्रजांच्या बरोबरीनं खेळलेला आणि तरी इंग्रजांच्या राज्यात मांडलिकच असलेला. त्याला विसावा कुठे मिळाला, तर नुकत्याच इंग्रजांपासून मोकळ्या झालेल्या देशातल्या एका कोपऱ्यात. आयर्लंडचं स्वतंत्र राज्य १९२२ चं. हे मी सौ.ला म्हटलं. ती म्हणाली, “त्यांना मासे मिळत होते म्हणून आले.” असेलही.

त्याच वाड्याचा त्याआधीचा एक मालक रिचर्ड मार्टिन. जनावरांशी क्रूरपणे वागण्याविरुद्धचा १८२२ चा ब्रिटिश कायदा या गृहस्थानं करवून घेतला. त्याचा मुलगा टॉमस १८४७ साली तापानं मेला. दुष्काळातल्या आपल्या कुळांना भेटायला गेला होता, तिथे तापाची लागण झाली. घराणं बुडालं. दुष्काळ हा शब्द त्या दिवशी प्रथम इथे आला. मला वाटलं, इतिहासातली एक ओळ, झालं.

पुढे आयना खोऱ्यातून आम्ही कायलमोरला गेलो. तळ्याकाठचा तो मठ तुम्ही कॅलेंडरवर पाहिला असेल, त्यामुळे त्याचं वर्णन करत नाही. मँचेस्टरच्या एका श्रीमंतानं पत्नीसाठी बांधलेला वाडा, १९२० पासून बेनेडिक्टाइन जोगिणींचा. त्यांची मुलींची शाळा २०१० पर्यंत चालू होती. रणजींच्या घराण्यातल्या मुलीही काही काळ त्या शाळेत होत्या. बसगाड्यांची गर्दी फार, आम्ही तासाभरात निघालो.

तिथून किलरीला आलो. समुद्राचा एक चिंचोळा हात डोंगरांमधून सोळा किलोमीटर आत घुसला आहे. हिमनदीनं कोरलेली दरी, तिच्यात समुद्र भरलेला. पाणी काळं, स्तब्ध. त्यावर ओळीनं काळी पिंपं तरंगताना दिसतात, ती शिंपल्यांच्या शेतीची. काठावर गवतात सतरंजी टाकून थेपले, छुंदा आणि मास्तरांच्या घरचा सोडा ब्रेड असं जेवलो. समोरच्या डोंगरावर ऊन-सावली सरकत होती. एवढ्या मोठ्या देखाव्यात एकही घर नाही, माणूस नाही. मी म्हटलं, “किती निवांत आहे! असा निर्मळ, मोकळा मुलूख मी पाहिला नव्हता.”

मास्तर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग समोरच्या उतारावर बोट करून म्हणाले, “उन्हाची तिरीप आली की त्या हिरवळीकडे बघा.”

तिरीप आली, आणि मला ते दिसलं. संपूर्ण उतारावर, अगदी वरपर्यंत, उभ्या रेघा. सारख्या अंतरावर, एकमेकींना समांतर. अंगावर जुन्या व्रणांच्या ओळी असाव्यात तशा. मी शेतकऱ्याचा मुलगा. सरी-वरंबे ओळखायला मला कुणी शिकवावं लागत नाही. पण इतक्या चढावर? जिथे बैल सोडा, शेळी नीट उभी राहणार नाही तिथे?

ते बटाट्याचे वाफे. फावड्यानं, हातानं केलेले. समुद्रातलं शेवाळ पाठीवरून वर नेऊन खत घातलेलं. इंग्रजीत यांना आळशी वाफे म्हणतात. कुणी ठेवलं हे नाव कोण जाणे, त्यानं एकदा तरी ती पाटी डोक्यावर घेऊन तो चढ चढायला हवा होता. खालची चांगली जमीन जमीनदाराची, तिथे धान्य आणि गुरं, आणि ती खंडासाठी. कुळाला मिळायचा हा उतार. एवढ्याशा तुकड्यात सबंध कुटुंब जगवील असं एकच पीक, बटाटा. १८४५ साली त्यावर करपा आला. पुढच्या वर्षी पुन्हा आला. तुमच्यापैकी कुणी बटाटा लावला असेल तर त्याला ठाऊक आहे, हा करपा आला की हिरवं रान दोन-चार दिवसांत काळं पडतं. हे १८५२ पर्यंत चाललं. दहा लाख माणसं भुकेनं आणि तापानं मेली, दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. आणि त्याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून ओट आणि गुरं इंग्लंडला जात होती. म्हणजे अन्न नव्हतं असं नाही. विकत घ्यायला पैसा नव्हता.

समोरचे वाफे केले त्यांच्यापैकी कुणी पुन्हा तिथे लावणी केली नाही. पावणेदोनशे वर्षं गवत वाढतं आहे. १८४१ साली त्या बेटावर ऐंशी लाखांहून जास्त लोक होते. आज दोन्ही आयर्लंड मिळून सत्तर लाखांच्या आसपास आहेत. जगात सगळीकडे लोकसंख्या किती पटींनी वाढली ते आपण पाहतोच. हे बेट १८४१ चा आकडा अजून गाठू शकलेलं नाही. मघाशी मी ज्याला निवांत म्हटलं, ते हे.

चिऊनं विचारलं, या दुष्काळाला आयरिशमध्ये काय म्हणतात? मास्तर म्हणाले, “अन गोर्ता मोर. मोठी भूक.”

किलरीच्या टोकाला वळसा घालून आम्ही मेयो परगण्यात शिरलो. डू लॉख हे तळं तिथे आहे. दोन बाजूंना उभे डोंगर, मध्ये काळं लांबट पाणी, काठानं एक रस्ता. वाऱ्याला अडवायला झाड नाही. रस्त्याकडेला एक साधा दगडी क्रॉस आहे, त्यावर १८४९.

३० मार्च १८४९. उत्तरेला लुईसबर्ग नावाचं गाव. सरकारी मदतीवर जगणारे शेकडो लोक तिथे जमले होते. दोन अधिकारी येणार, तपासणी करणार आणि मदत चालू ठेवायची की नाही ते ठरवणार. अधिकाऱ्यांनी तिथे तपासणी केलीच नाही. ते डेल्फी नावाच्या ठिकाणी एका बंगल्यावर मुक्कामाला गेले, एकोणीस किलोमीटर दूर, या तळ्याच्या पलीकडे. निरोप ठेवला, उद्या सकाळी सातला तिथे हजर व्हा, नाहीतर नाव कमी होईल. उपाशी माणसं, बाया, पोरं रात्रभर चालली. थंडी, वारा, पाऊस. किती जण वाटेत पडले याबद्दल एकमत नाही. त्या वेळच्या तिथल्या वर्तमानपत्रात आलेल्या पत्रात रस्त्याकडेला सापडलेल्या सात प्रेतांचा उल्लेख आहे. गावातली माणसं शेकडो म्हणतात.

मंडळी, मी आटपाडी तालुक्यातला. १९७२ साली मी दहा वर्षांचा होतो. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, मी तिच्याबरोबर. मुकादम मस्टर घेऊन यायचा, त्यावर अंगठा उठला तर पगार. पगार उशिरा व्हायचा. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी असायच्या, आणि आम्हां पोरांना सुकडी. ती सुकडी मला आवडायची, हे आज सांगायला लाज वाटत नाही. आमच्या गावात त्या वर्षी भुकेनं कुणी मेलं नाही. गुरं गेली, माणसं राहिली. वि. स. पागे आमच्याच जिल्ह्यातले. मागेल त्याला काम ही त्यांची कल्पना, १९७७ साली तिचा कायदा झाला. काम गावाजवळ, आणि ते मागण्याचा हक्क. त्या तळ्याकाठी उभं राहून मला मुकादमाचं ते मस्टर आठवलं. मस्टर इथेही होतं, हजेरी इथेही होती. फक्त हजेरीची जागा एकोणीस किलोमीटर पलीकडे नेली.

आणखी एक धागा सांगतो. लंडनच्या तिजोरी खात्यात बसून आयर्लंडच्या मदतीची सूत्रं हलवणारा अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन. लोकांना फुकट मदतीची सवय लागेल याची त्याला फार काळजी. हा गृहस्थ कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात तयार झालेला, आणि पुढे १८५९ साली मद्रासचा गव्हर्नर होऊन परत आला. उलट बाजूही आहे. दुष्काळ पडल्यावर बाहेरून सर्वांत आधी जी मदत गेली त्यात कलकत्त्यात जमलेले सुमारे चौदा हजार पौंड होते. तिथल्या फौजेतल्या आयरिश शिपायांनीही त्यात घातले होते. आणि १८४७ साली अमेरिकेतल्या चोक्टॉ आदिवासींनी एकशे सत्तर डॉलर पाठवले. सोळा वर्षांपूर्वीच त्यांना स्वतःच्या जमिनीवरून हाकलून पायी शेकडो मैल चालवत नेलं होतं. डू लॉखच्या रस्त्यावर दरवर्षी त्या रात्रीची आठवण म्हणून लोक चालतात, त्यात चोक्टॉ लोकही येऊन गेले आहेत.

आणि तिथल्या दगडावर एक वाक्य कोरलेलं आहे. चिऊनं ते वाचलं आणि खालचं नाव वाचून मोठ्यानं म्हणाली, “काका, गांधीजी!” दुसऱ्याला खाली बघायला लावण्यात माणसाला मोठेपणा कसा काय वाटू शकतो, असा त्या वाक्याचा भाव आहे. पोरबंदर इथून किती लांब आहे ते तुम्हांला माहीत आहे. त्या निर्जन खोऱ्यात, वाऱ्यात, आमच्यातलं कुणी पाच मिनिटं काही बोललं नाही. पंतीणनं चिऊच्या डोक्यावर टोपी ओढली एवढंच.

लुईसबर्ग, वेस्टपोर्ट करत परत फिरलो. वेस्टपोर्ट टुमदार आहे. थोडं चाललो, आइस्क्रीम खाल्लं. खरं बोलणं परतीच्या गाडीत झालं.

मास्तर सांगत होते. भुकेचा सर्वांत मोठा घाव या पश्चिम किनाऱ्यावर बसला, आणि आयरिश बोलणारे गरीब लोक इथेच होते. मेले ते आयरिश बोलणारे, बोटीत बसले तेही आयरिश बोलणारे. जे उरले ते पोरांना म्हणाले, इंग्रजी शिका, बोटीवर तीच लागते. त्यांचे स्वतःचे चार भाऊ बोस्टनला गेले. भावांना आयरिश येत होतं. त्यांच्या मुलांना दोन-तीन गाणी येतात. नातवंडं सेंट पॅट्रिकच्या दिवशी हिरवे कपडे घालून मिरवणुकीत नाचतात आणि आजोबांना फोटो पाठवतात. “फार मोठी मिरवणूक असते,” मास्तर म्हणाले. मी काही बोललो नाही. मला आपलं विसर्जन आठवलं.

मी विचारलं, पण आता तर तुमचं राज्य आहे. १९३७ च्या घटनेत आयरिश ही पहिली राजभाषा. शाळेत सक्ती. युरोपियन युनियनमध्ये मान्यता. आणखी काय हवं? ते म्हणाले, हे सगळं आहे. २०२२ च्या जनगणनेत अठरा लाखांहून जास्त लोकांनी आयरिश येतं असं लिहिलं. शाळेबाहेर रोज बोलणारे किती? बहात्तर हजारांच्या आत. मग म्हणाले, “मी चाळीस वर्षं आयरिश शिकवलं. वर्गात मुलं छान बोलायची. घंटा झाली की मैदानावर जाऊन इंग्रजीत भांडायची. मुलं कोणत्या भाषेत भांडतात ते बघा, निबंध कोणत्या भाषेत लिहितात ते बघू नका.”

हे वाक्य मी इथे घेऊन आलो आहे. आल्यापासून मी मंडळाच्या सभागृहाबाहेर खेळणारी आपली मुलं काय बोलतात ते ऐकतो. क्रिकेटमध्ये आउट दिल्यावर भांडण होतं ते गुजरातीत. मुली भांडतात इंग्रजीत. गुजराती चांगली येते याचा मला आनंदच आहे. ज्या गावाचं पाणी प्यायचं त्याची भाषा यायलाच हवी. पण आपला रविवारचा मराठी वर्ग चौदा मुलांवरून पाचांवर आला, तेव्हा आपण म्हणालो, शिक्षिका मिळत नाहीत. शिक्षिका मिळाल्या तरी मला शंका आहे. घरात पोरानं मराठीत विचारलेल्या प्रश्नाला आपण कोणत्या भाषेत उत्तर देतो? मास्तरांच्या देशाकडे सरकार होतं, घटना होती, शंभर वर्षं होती. आपल्याकडे यातलं इथे काहीच नाही, आणि इथल्या सरकारकडे ते मागण्याचं कारणही नाही.

मी मास्तरांना लोकमान्यांबद्दल सांगितलं. १८९३ साली पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, त्यामागे काय विचार होता ते सांगितलं. ते चमकून म्हणाले, १८९३? त्याच वर्षी डब्लिनमध्ये डग्लस हाइड आणि मंडळींनी गेलिक लीग काढली, आयरिश भाषा पुन्हा बोलती करायला. हेच हाइड पुढे १९३८ साली आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. मी म्हटलं, आमच्या लोकमान्यांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावला होमरूल लीग काढली, ते नाव तुमच्याकडचंच. आणि त्याच महिन्यात तुमच्याकडे डब्लिनमध्ये उठाव झाला. असे आम्ही दोघे म्हातारे पुढच्या सीटवर आणि मागच्या सीटवर बसून एकमेकांना तारखा पुरवत होतो. पंत गाडी चालवत होते, बायका झोपल्या होत्या.

चिऊ मात्र जागी होती. ती म्हणाली, “मी आईशी इंग्लिशमध्ये भांडते.” मास्तरांना मी भाषांतर करून सांगितलं. ते म्हणाले, “मग आपण सौदा करू. तुझा आयरिशचा गृहपाठ मी बघतो, तू मला रोज एक मराठी शब्द दे. पण भांडणातला. पुस्तकातला नको.” चिऊनं खूप विचार केला आणि पहिला शब्द दिला, “गप्प बस.” मी म्हटलं, हे दोन शब्द झाले. ती मला म्हणाली, “गप्प बसा, काका.”

ह्या वर्षीही त्यांचा फोन होतो. सौदा चालू आहे. पंतीण सांगते, आता घरात चिऊशी मराठीत भांडायची सोय राहिली नाही, कारण तिला आम्हांला येत नाहीत असे शब्द येतात. ते तिनं आजीकडून फोनवर मिळवले आहेत, मास्तरांना द्यायला रोज नवीन लागतो म्हणून. आजी कऱ्हाडची.

त्या रात्री साडेनऊला घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. तिथे जूनमध्ये दहापर्यंत अंधार पडत नाही. मास्तर दारात उतरले. आयरिशमध्ये निरोप घेताना ‘स्लॉन’ म्हणतात, सुखरूप असा अर्थ. चिऊनं त्यांना स्लॉन म्हटलं. त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे जाताना काय म्हणतात? मी सांगितलं, आमच्याकडे जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. मग टोपी सारखी करून फाटकाकडे वळले आणि आमच्याकडे न बघता, अगदी शुद्ध म्हणाले, “येतो.”

गणपतीबाप्पा मोरया!